आधी तोंडाने काढून दाखवा

"फस्स्स," हेडसरांनी ओठांचा चंबू करून आवाज काढला आणि खिशातल्या रुमालाने ओठ टिपले.

मिस्त्री डोळे मिटून उभे होते. एक हात गाडीच्या बंद बॉनेटवर, दुसरा स्वतःच्या कमरेवर.

"पुन्हा एकदा काढता का?"

"फस्स्स्स."

"एकदम येतो, की आधी लहान आणि मग वाढत जातो?"

"वाढत जातो. चढाला लागलो, की..." हेडसरांनी पुन्हा चंबू केला, गाल फुगवले, पण या वेळी नुसतीच हवा गेली. मग त्यांनी हाताने हवेत चढ काढून दाखवला आणि हाताबरोबर भुवयाही वर नेल्या.

हा त्या गॅरेजचा नियमच होता. गाडी कोणाचीही असो, आवाजाची तक्रार घेऊन आलेल्या माणसाने बॉनेट उघडायच्या आधी तो आवाज तोंडाने काढून दाखवायचा. एरवी कामापलीकडे शब्द न काढणारे वकीलसाहेब मिस्त्रींसमोर उभं राहून 'खट खट खर्रर्र' करून गेले होते. एका डॉक्टरीणबाईंना लाज वाटली म्हणून त्यांनी नवऱ्याला पाठवलं, तर नवऱ्याने असा काही आवाज काढला की मिस्त्रींनी त्याला आधी पाणी दिलं आणि मग 'बाईंनाच पाठवा' म्हणून निरोप धाडला. शेजारचा पंक्चरवाला तर हातातलं चाक टाकून ऐकायला यायचा. लोक हसायचे, पण गाडी बरी होऊन जायची, त्यामुळे मिस्त्रींच्या या तऱ्हेला गावात एक वजन आलं होतं.

व्याह्यांना मात्र असं उभं करून आवाज काढायला लावणं मिस्त्रींच्या जिवावर यायचं. मिस्त्रींची एकुलती लेक हेडसरांच्या घरी सून म्हणून गेली त्याला बरेच दिवस झाले होते, तरी दोघांमधलं अवघडलेपण तसूभरही कमी झालं नव्हतं. हेडसर मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, शब्द तोलून वापरणारे. त्यांच्याशी बोलायचं असलं की मिस्त्री हात दोनदा धुवायचे आणि शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावायचे. दोघं एकमेकांना इतका मान द्यायचे की एका दारातून आत जायलाही त्यांना वेळ लागायचा.

आणि आता व्याह्यांची गाडी दुसऱ्यांदा दारात आली होती. मिस्त्रींना लागलं होतं ते हे. मागच्या खेपेला याच 'फस्स'वरून त्यांनी निदान केलं होतं. गाडी टर्बोची. धुराच्या जोरावर फिरणारा एक छोटा पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, आणि ती हवा नेणारा रबरी पाइप कुठे सुटला की 'फस्स' होतं. उघडून बघितलं तर खरोखरच पाइपाची एक क्लिप सैल होती आणि रबराला बारीक चीर गेली होती. मिस्त्रींनी पाइप बदलला, नवी क्लिप आवळली, आतमध्ये तेलाचा ओलसर थर होता तो फडक्याने स्वच्छ पुसला आणि मोठ्या समाधानाने किल्ली व्याह्यांच्या हातात ठेवली.

"नाही, तुमच्या हाताला गुण आहेच," हेडसर आताही घाईने म्हणाले. "बराच फरक पडलाय. अगदी बारीक उरलाय. उद्या निघायचं म्हणून म्हटलं, एकदा तुमच्या नजरेखालून जाऊ दे. नाही जमलं तरी हरकत नाही. आम्ही हळूहळू जाऊ."

बराच फरक पडलाय म्हणजे काडीचाही फरक पडलेला नाही, हे मिस्त्री समजले. व्याही माणूस याहून स्पष्ट काय बोलणार.

उद्या गाडी चालवणार होती ती मिस्त्रींची लेक. जावयाची बदली डोंगरापलीकडच्या शहरात झाली होती, तिथे घर लागलं होतं आणि सासूसासऱ्यांना घेऊन ती सकाळी निघणार होती. वाटेत घाट होता. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला कठडा, मागेपुढे मालाचे ट्रक. पाइपातून हवा निसटत असेल तर गाडी जरा मंद चढेल, एवढंच. पण आवाज पंख्याचाच असेल, आतली दांडी झिजली असेल, तर मात्र ऐन चढावर पंखा अडकून बसतो आणि गाडीतला जीवच जातो. त्याहून वाईट म्हणजे पंख्याचं तेल इंजिनात ओढलं जातं, आणि मग किल्ली काढून घेतली तरी इंजिन थांबत नाही, आपलंच तेल पीत सुसाट सुटतं. असं एक इंजिन मिस्त्रींनी तरुणपणी पाहिलं होतं. त्यातल्या माणसांना काही झालं नव्हतं, पण तो प्रकार डोळ्यांसमोर आला की त्यांना अजूनही बसून घ्यावंसं वाटे.

त्यांनी बॉनेट उघडलं. कंप्रेसरची नळी लावून पाइपात हवा भरली आणि ब्रशने जोडाजोडावर साबणाचं पाणी फासलं. गळती असती तर फेस आला असता. फेस कुठेच आला नाही. मग लांब पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवून त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि व्याह्यांना गाडी चालू करायला सांगितलं. पेचकसातून इंजिनाची जाड, निरोगी घरघर आली. बाकी काही नाही.

"चढाशिवाय येत नाही तो," हेडसर खिडकीतून म्हणाले.

"मग चढावर जाऊ."

गावामागे पाण्याच्या टाकीकडे जाणारा रस्ता चांगला चढाचा होता. मिस्त्रींनी गाडी घेतली, व्याही शेजारी बसले, पट्टा लावून, गुडघ्यांवर हात ठेवून. टाकीच्या अलीकडच्या वळणावर मिस्त्रींनी पाय दाबला तसं हेडसरांनी उजव्या हाताचं बोट वर केलं, वर्गात शांतता हवी असली की करायचे तसं.

"आला."

मिस्त्रींना टायरांचा आवाज आला. खिडकीच्या फटीतून वाऱ्याचा आला. मागच्या सीटखाली कुठेतरी पाण्याची बाटली लोळत होती, तिचाही आला.

"वाढतोय, बघा. अजून वाढला." वरच्या टोकाला पोचून मिस्त्रींनी पाय सैल केला. बोट खाली आलं. "गेला."

"हं," मिस्त्री म्हणाले.

खरी गोष्ट अशी, की बारीक आवाज मिस्त्रींच्या कानांतून केव्हाच उठून गेले होते. सगळे एकदम नाही. आधी डास गेले, आणि ते गेल्याचं मिस्त्रींना बरंच वाटलं. मग घड्याळाचा गजर गेला. मग फोनची टुणटुण. शेवटी चहाच्या किटलीची शिट्टी. स्वयंपाकघरात गॅसशेजारी ते शब्दकोडं सोडवत बसलेले असायचे आणि बायको अंगणातून धावत येऊन त्यांच्या नाकासमोरची किटली उतरवायची. 'लक्षच नव्हतं,' ते म्हणायचे. ती काही म्हणायची नाही.

तोंडाने आवाज काढून दाखवायचा नियम तेव्हाचा. गावाला वाटे, मिस्त्री जन्मले तेच हा नियम घेऊन. पण तो कान गेल्यावर आलेला होता. माणसाच्या तोंडून आला की आवाज पायरी उतरून येतो, मिस्त्रींच्या आवाक्यात येतो. शिवाय माणूस तो काढताना तोंड वेडंवाकडं करतो, हात हलवतो, त्यातून बरंच कळतं. युक्ती इतकी चांगली चालली, की ही आपली लंगडी बाजू झाकण्याची युक्ती आहे हे मिस्त्री स्वतःसुद्धा अधूनमधून विसरून जायचे. आज टाकीच्या चढावर त्यांना ते आठवलं.

उतरताना ते मनाशी हिशेब मांडत होते. 'फस्स' म्हणजे गळती, यात शंका नव्हती. पाइपात नाही तर पुढच्या जाळीत असणार, जिथे ती हवा थंड होते. जाळी काढायची म्हणजे गाडीचं अख्खं नाक सोडवावं लागणार. संध्याकाळपर्यंत होईल. व्हायलाच हवं.

"चहा घेऊन मग लागतो," गॅरेजात पोचल्यावर ते म्हणाले. "तुम्हीही आत चला."

"तुमचा खोळंबा नको."

"खोळंबा कसला. या ना."

"तुम्ही आधी."

"छे, तुम्ही."

घर गॅरेजच्या मागेच होतं, मधे फक्त कपडे वाळत घालण्याइतकं अंगण. मिस्त्रींच्या बायकोने बाहेरच्या खोलीत चहा आणि बिस्किटं ठेवली, हेडसरांना घरच्यांची खुशाली विचारली आणि नवऱ्याला म्हणाली, "जरा आत येता? वरचा डबा काढून हवाय."

वरचा डबा ती रोज स्टुलावर चढून स्वतः काढायची. मिस्त्री आत गेले.

"काय निघालं गाडीचं?" तिने आवाज खाली आणून विचारलं.

"पाइप ठीक आहे. आता जाळी सोडवतो. हवा तिथून जात असणार."

"हवाच जातेय, हे कशावरून?"

"ते काढून दाखवतात ना. फस्स म्हणतात."

तिने बाहेरच्या खोलीकडे एक नजर टाकली. हेडसर बिस्किट चहात बुडवून धरत होते. बराच वेळ धरलं, तेव्हा त्याचा अर्धा तुकडा कपात पडला. त्यांनी इकडेतिकडे पाहून तो चमच्याने हळूच बाहेर काढला.

"अहो, ते शीळ घालतायत," ती म्हणाली.

"कोण?"

"व्याही. ते फस्स करत नाहीयेत. शीळ घालायला बघतायत. मघाशी मी खिडकीतून बघत होते. ओठ सगळे शिळेचे केलेत, पण शीळ निघणार कशी? कवळी नवीन आहे त्यांची. खालची अजून नीट बसत नाही. विहीणबाईंनी फोनवर सांगितलं मला, आणि कुणापाशी बोलू नका म्हणून बजावलं. फार लाजतात म्हणे त्यावरून. जेवायलासुद्धा एकटेच बसतात."

"अगं, मग मला आधी नाही का सांगायचं?"

"मला काय ठाऊक, तुम्ही त्यांच्या तोंडावर गाडी खोलताय? मला वाटलं, आवाज तुम्हीही ऐकलाच असेल." ती थांबली आणि हातातलं फडकं तिने ओट्यावर ठेवलं. "नाही. खोटं कशाला बोलू? तसं नव्हतं वाटलं मला. किटलीचं मला ठाऊक आहे. तुम्ही आपणहून सांगाल म्हणून थांबले होते."

मिस्त्रींना लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग इतकं हलकं वाटलं की त्यांनी ओट्याला हात टेकला.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"किटली तुमच्यासमोर बोंबलत होती आणि तुम्ही मला विचारत होतात, चार अक्षरी फुलाचं नाव काय. तेव्हापासून."

"ते कोडं अवघड होतं."

"असेल." ती हसली, मग गंभीर झाली. "आत्ता तुम्ही टाकीकडून उतरून आलात आणि कोपऱ्यावर जरा जोर दिलात ना, तेव्हा मलाही ऐकू आला. बारीक शीळ. वर वर जाणारी. पोर चालवणार आहे उद्या ती गाडी."

शीळ, चढाबरोबर वर जाणारी. आणि पाइपातला तो तेलाचा ओलसर थर, जो त्यांनी स्वतःच्या हाताने पुसून टाकला होता. थोडंफार तेल असतंच, असं म्हणून त्यांनी तिकडे कानाडोळा केला होता. मिस्त्री मागच्या दारानेच अंगणात आणि अंगणातून गॅरेजात गेले.

इंजिन अजून तापलेलं होतं. त्यांनी कातडी हातमोजे चढवले आणि टर्बोच्या तोंडाशी येणारा जाड पाइप सोडवायला घेतला. मागून पावलं वाजली. हेडसर कप तसाच ठेवून आले होते.

"मी काही धरू का?"

एरवी मिस्त्री 'छे छे, तुम्ही बसा' म्हणाले असते. आज त्यांनी बॅटरी पुढे केली.

"इथे मारा उजेड. जरा खाली. बस."

पाइप निघाला. आत हाताच्या तळव्यात मावेल एवढा पंखा होता, पात्यापात्यांचा, नाजूक. मिस्त्रींनी हातमोजा काढला, दोन बोटं आत घातली आणि पंख्याच्या मधली दांडी चिमटीत धरून वरखाली हलवून बघितली. अशी दांडी किंचित हलते, हलायलाच हवी. पण पाती कडेच्या भिंतीला लागता कामा नयेत. ही लागली. बोटांना ते स्पष्ट कळलं, टक्, आणि खाली, पुन्हा टक्. भिंतीवर चंद्रकोरीएवढा भाग घासून चकचकीत झाला होता. पात्यांच्या कडा तिथे खाल्ल्या गेल्या होत्या.

"तुमचं बोट द्या," मिस्त्री म्हणाले.

हेडसरांनी बोट दिलं. मिस्त्रींनी ते त्या चकचकीत जागेवरून फिरवलं.

"पंखा इथे घासतोय. दांडी झिजली. गाडी उद्या जाणार नाही."

"घाटात काय झालं असतं?"

"अडकला असता. कदाचित उद्या नाही, परवा. पण अडकला असताच."

हेडसरांनी बोट बाहेर घेतलं आणि त्याला लागलेलं तेल न्याहाळत राहिले. "आणि सूनबाई चालवत असती," ते म्हणाले.

शेजारी पंक्चरवाला चाकात हवा भरत होता. मिस्त्रींच्या मनात लेक मागे-पुढे होत होती. लहानपणी याच गॅरेजात पान्यांची रांग लावून शाळा शाळा खेळायची ती. ती उद्या कुठे असती, आणि आता घरात बसून कपड्यांच्या घड्या घालत असेल, या विचाराने त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ते बाहीला पुसले, घाम पुसल्यासारखे.

"एक विचारू?" हेडसर म्हणाले. "तक्रार म्हणून नाही, समजून घ्यायचं म्हणून. मागच्या खेपेला हे कसं सापडलं नाही?"

प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर मिस्त्रींपाशी तयार होतं. तुम्ही दाखवलात त्या आवाजावरून गळतीच वाटली, एवढं म्हटलं की झालं. त्यात खोटं काही नव्हतं. क्लिप खरंच सैल होती. मिस्त्रींचं नाव राहिलं असतं, गॅरेजचा नियम राहिला असता. व्याह्यांनी मान डोलावली असती, घरी जाऊन आरशासमोर उभं राहून तो चंबू करून बघितला असता, आणि आपल्या तोंडामुळे सून घाटात अडकली असती हे त्यांचं त्यांना कळलं असतं. मग पुन्हा कधी कोणासमोर बिस्किटसुद्धा खाल्लं नसतं त्यांनी.

मिस्त्रींनी फडक्याने हात पुसले. गळ्याजवळचं बटण काचत होतं, ते काढलं.

"मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत," ते म्हणाले. "बरेच दिवस झाले. शीळ नाही, गजर नाही, घरातली किटली नाही. म्हणून लोकांना तोंडाने काढायला लावतो. मघाशी चढावर तुम्ही बोट वर केलंत आणि मी हं म्हटलं, तेव्हा मला काहीसुद्धा ऐकू आलं नव्हतं. मागच्या खेपेलाही नाही. तेव्हाच तोंड उघडून सांगितलं असतं, तर कुणालाही शेजारी बसवून विचारता आलं असतं, बाबा, आवाज कसला येतोय. नाही सांगितलं. चूक माझी आहे."

हेडसर ऐकत होते. हातातली बॅटरी अजून चालूच होती आणि तिचा उजेड जमिनीवर, त्यांच्या चपलांवर पडला होता. त्यांनी ती बंद केली आणि बॉनेटच्या कडेवर ठेवली. मग ते भिंतीकडे वळले, जिथे फळीवर तेलाचे डबे होते, आणि खिशातून रुमाल काढून तोंडाशी नेला.

व्याह्यांना वाईट वाटलं, असं समजून मिस्त्री पुढे झाले. तेवढ्यात हेडसर परत वळले. रुमाल मुठीत गोळा केलेला होता. गाल आत गेले होते, हनुवटी नाकाच्या जवळ आली होती, आणि त्या चेहऱ्यात मुख्याध्यापक असे कुठे उरलेच नव्हते. त्यांनी ओठ गोल केले.

शीळ निघाली. खालून सुरू झाली, आणि हलकेच वर चढत गेली, न थरथरता, न तुटता, टाकीच्या चढावर गाडी जाते तशी. पंक्चरवाल्याने हवा भरायची थांबवून मान वर केली. मिस्त्री डोळे मिटून ऐकत होते. अगदी शेवटचं टोक त्यांच्या हातून निसटलं, म्हणून त्यांनी डोळे उघडले, तर व्याह्यांचे गाल अजून आतच होते. म्हणजे आवाज अजून चालूच होता.

"अशी येते," हेडसर म्हणाले. शब्द ओठांत गोळा होत होते, तरी त्यांनी मूठ उघडून रुमाल पुढे केला. "हे नवीन बसवलेत. यांनी शीळ निघत नाही, नुसती हवा जाते. मला तेव्हाच कळत होतं, आवाज चुकीचा निघतोय. पण तुमच्यासमोर कसं काढून ठेवणार, म्हणून गप्प बसलो. तेव्हा चूक तुमच्या एकट्याची नाही. निम्मी मला द्या."

"टर्बोची दांडी," मिस्त्री म्हणाले. "ही शीळ ऐकली असती तर बॉनेट न उघडता सांगितलं असतं मी."

"ऐकू आली ना?"

"आली. वरचं टोक सोडलं तर सगळी."

"काय झालं हो, सर?" पंक्चरवाल्याने तिकडून विचारलं.

"आमची दोघांची परीक्षा होती," हेडसर तोंडावर रुमाल न धरता म्हणाले. "काठावर पास झालो."

मिस्त्री हसायला लागले. त्यांना हसताना पाहून हेडसरही हसले, आणि बिनदातांचं हसू एकदा सुटलं की ते आवरत नाही, हे मिस्त्रींनी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं. हसता हसता त्यांनी व्याह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. हात तेलाचा होता, शर्ट पांढरा होता. दोघांच्याही ते उशिरा लक्षात आलं आणि दोघांनीही त्याचं काही केलं नाही.

"उद्या माझी गाडी न्या," मिस्त्री म्हणाले. "जुनी आहे, टर्बोबिर्बो काही नाही. धीम्याने चढते, पण चढते. आणि तिचे सगळे आवाज मलासुद्धा ऐकू येतात."

लेकीला फोन लावला. व्याह्यांची गाडी इथेच राहतेय, बाबांची गाडी घेऊन जायची, असं सांगितल्यावर ती म्हणाली, "त्या खटाऱ्यातून? माझ्या सासूबाईंना घेऊन?"

"तुझे सासरेच हो म्हणालेत."

"त्यांना द्या बरं फोन."

मिस्त्रींनी फोन पुढे केला. हेडसरांनी मुठीतल्या रुमालाकडे पाहिलं, क्षणभर थांबले, आणि तसाच फोन घेतला. "हो गं, सूनबाई," ते म्हणाले. "मीच बोलतोय. आवाज असाच येणार आता. घरी आलो की सांगतो."

चहा निवून गेला होता. मिस्त्रींनी पुन्हा करतो म्हटलं, आणि दाराशी 'आधी तुम्ही' झालंच नाही, दोघं एकामागोमाग एक थेट स्वयंपाकघरात गेले. बायको अंगणात कपडे वाळत घालत होती. मिस्त्रींनी किटली गॅसवर ठेवली आणि दोन कप काढले. हेडसर टेबलापाशी बसले, रुमालाची पुरचुंडी त्यांनी पुढ्यात ठेवली आणि समोरचं शब्दकोडं ओढून घेतलं. बाहेर वाऱ्यावर ओले कपडे फडफडत होते. तो आवाज मिस्त्रींना छान ऐकू येत होता.

"चार अक्षरी फूल कुठलं हो?" मिस्त्रींनी समोर बसत विचारलं. "कधीचं अडलंय."

हेडसरांनी विचार करायला छताकडे पाहिलं. मग कोडं तसंच ठेवून त्यांनी उजव्या हाताचं बोट वर केलं.

"आला."

मिस्त्री उठले, गॅस बंद केला आणि किटली उतरवली. बोट अजून वर होतं. किटलीच्या तोंडाशी वाफ विरत गेली तसं ते हळूहळू खाली आलं.

"गेला."

बायको अंगणातून धावत आली होती. ती दारातच उभी राहिली. तिने उतरवलेली किटली पाहिली, नवऱ्याला पाहिलं, बिनदातांच्या व्याह्यांना पाहिलं. मग तिने ओले हात पुसले आणि फळीवरून आणखी एक कप काढला.